बयजाक्काची पडशी

फार मागे, काळवटला सडक पोचायच्याही आधी, म्हणजे इतक्या मागे की माझ्या सासूबाईंच्या आजेसासूबाईंनीसुद्धा ही गोष्ट ऐकलेलीच होती, तेव्हा या गावात माणसं जमिनीवर राहत आणि धान्य जमिनीखाली राही. गावाखालची माती घट्ट, पांढरी. तिच्यात रांजणासारखा खड्डा खणायचा, तोंड अरुंद आणि पोट मोठं. आतून कडबा लावायचा, ज्वारी भरायची, वर दगडी शिळा ठेवून माती-शेणानं तोंड लिंपून टाकायचं. याला पेव म्हणतात. दुष्काळ पडो, चोर येवोत, पेवातली ज्वारी वर्षानुवर्षं तशीच राहते.

पण पेवाला एक वाईट खोड असते. बंद राहिलं की आतली हवा मरते. शिळा काढून लगेच आत उतरणारा माणूस वर येत नाही. त्याला ना जखम होते, ना साप चावतो. तो नुसता झोपल्यासारखा खाली बसतो. म्हणून काळवटचा नियम होता की शिळा काढली की पेव दिवसभर उघडं ठेवायचं, मग दोरीनं दिवा आत सोडायचा. दिवा राहिला तर माणूस उतरेल. दिवा विझला तर म्हणायचं, पेवानं दिवा खाल्ला, आणि मागे सरायचं.

बयजाचा नवरा सटवा हा पेवं भरणारा आणि काढणारा. त्याला हा नियम सगळ्या गावाहून चांगला ठाऊक होता. पण एके दिवशी पेव उघडताना ज्वारी मापायची पायली हातातून निसटून आत पडली. दिव्यात तेल नव्हतं. तेल घरी होतं, आणि घर दोन गल्ल्या पलीकडे. सटवा म्हणाला, "पायली तर उचलायचीय. हा गेलो न् हा आलो." गेला तो गेलाच. लोकांनी दोरासाठी आरडाओरडा केला, तेव्हा कुणाला तरी आठवलं की दोर मळ्यात मोटेला बांधलाय. दोर आला तेव्हा सटवा थंड पडला होता.

असं म्हणतात की बयजा त्या दिवशी रडली नाही. ती पेवाच्या तोंडाशी बसून एवढंच म्हणत राहिली, "पळीभर तेल. पळीभरच."

त्या दिवसापासून तिच्या पोटात भीती येऊन बसली. मोठ्या संकटांची नाही. पूर, पटकी, दरोडा यांना सगळं गाव भीतच होतं, त्यांच्यासाठी देवाला नवस होते, वेशीला पहारा होता. बयजाला भीती वाटे ती बारक्या गोष्टींची. मुलानं चिंचोका नाकात घातला तर? वाटेत बैलाची वेसण तुटली तर? चुलीतला विस्तव विझला आणि त्याच वेळी कुणी बाळंत होऊ लागलं तर? तिला रात्री झोप लागायची नाही. अशी माणसं अजूनही असतात, त्यांची टिंगल करू नये. निदान मी तरी कोणत्या तोंडानं करू.

मग तिनं जाड खादीची एक पडशी शिवली, खांद्यावरून पुढेमागे लोंबणारी, दोन कप्प्यांची. एका कप्प्यात दोर, जुन्या लुगड्याच्या धुतलेल्या चिंध्या, सुई-दोरा आणि चिमटा. दुसऱ्यात तेलाची कुपी, काकडा, चकमक, हळद आणि गुळाचा खडा. ती पाण्याला निघाली तरी पडशी खांद्यावर, देवळात गेली तरी खांद्यावर.

पारावरची माणसं विचारत, "बयजाक्का, आभाळ पडलं तर टेकू हाय का गं पडशीत?"

"आभाळाला न्हाय," ती म्हणे. "पर तुझं धोतर सुटाय लागलंय. दोरी देऊ?"

हसणं चाले, आणि हसता हसता कुणाच्या तरी पायात काटा मोडे, आणि चिमटा पडशीतूनच निघे. लगीनघरी वाऱ्यानं सगळे दिवे एकदम गेले, तेव्हा चकमक पडशीतून निघाली. उन्हानं भोवळ आलेल्या म्हाताऱ्याच्या जिभेवर गूळ पडशीतलाच ठेवला गेला. वर्षं गेली आणि हळूहळू हसणं थांबलं. लोकांच्या ध्यानात आलं की जिथं बयजाक्का असते तिथं काहीतरी घडतंच.

आता हे नीट ऐका, कारण काळवटची चूक इथं आहे. आपल्याकडे म्हणतात की घराची वास्तू सदा तथास्तु म्हणत असते, म्हणून घरात वाईट बोलू नये. काळवटला हे फारच कडक पाळत. तेल संपलं असं कुणी म्हणायचं नाही, तेल वाढलं म्हणायचं. दिवा विझव नव्हे, दिवा शांत कर. इथवर ठीक होतं. पण पुढे पुढे लोक वाईटाचं नाव घेईनात, मग विचार करीनात, आणि शेवटी त्याची तयारीही करीनात. घरात जादा दोर ठेवला म्हणजे वास्तूला सांगितल्यासारखंच, की दोर लागू दे. आणि इथं एक बाई हे सगळं खांद्यावर घेऊन दारोदार हिंडत होती.

केवळा नावाच्या तरुण सुनेच्या घरी बारसं होतं. पहिलाच मुलगा, नाव ठेवलं हिरामण. गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत बायका बाळाला पाळण्याखालून देत होत्या. बाळाला पाळण्यात ठेवलं आणि पाळण्याची एक दोरी तुटली. आत्यानं पोर वरच्यावर झेललं म्हणून वाचलं. सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बयजानं पडशीत हात घातला आणि दोरी बाहेर काढली.

केवळा तिच्याकडे बघत राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "आक्का, बारशाला दोरी कशापायी आणली होतीस?"

"लागली तर असावी म्हणून, बाई."

"लागावी म्हणूनच आणलीस तू."

 दुसऱ्या दिवशी पंच बसले आणि ठरलं की बयजानं गावात राहावं, पडशीनं राहू नये. पडशी वेशीबाहेर, मसणवटीच्या वाटेवरच्या बाभळीला टांगायची. गावात आणली तर बयजालाही बाहेर काढायचं.

असं म्हणतात की ती भांडली नाही. कारण तिलाही आतून वाटू लागलं होतं, की खरंच आपणच बोलावतो की काय? सटव्याच्या वेळी मात्र तिच्याकडे काहीच नव्हतं, मग तेव्हा कुणी बोलावलं?  पडशी टांगून ती परत आली, आणि चालता चालता तिचा हात सारखा रिकाम्या खांद्याकडे जाई. रोज सकाळी ती बाभळीखाली जायची, दोर ऊन दाखवून परत भरायची, कुपीतलं तेल बदलायची. तेवढं बघूनही लोक रस्ता बदलत. बाभळीखालून जाताना पोरं श्वास रोखून पळत.

हिरामण दुडूदुडू पळू लागला. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात केवळाच्या घरचं पेव उघडायचं ठरलं. सकाळी तिच्या नवऱ्यानं, शिदूनं, शिळा बाजूला केली, तोंडावर बोराटीच्या दोन फांद्या टाकल्या आणि दुपारी घरची माणसं भाकरी खायला बसली. एक कोंबडी फांद्यांखालून आत डोकावत होती. हिरामण कोंबडीमागे गेला.

फांदी मोडल्याचा आवाज केवळानं ऐकला. मग खालून, भुईच्या पोटातून, पोराचं रडणं. ती पेवाशी पोचली तेव्हा रडणं चालू होतं. काळ्या अंधाराशिवाय काही दिसत नव्हतं. गाव जमा होईस्तोवर रडण्याला खोकला लागला. मग ते बारीक झालं, दूरच्या कोकरासारखं.

शिदू उडी टाकायला वाकला. मागून कुणीतरी त्याच्या कमरेला मिठी मारली. बयजा होती ती.

"सोड, आक्का. माझं पोर हाय."

"एकाची दोन मढी व्हतील, शिदू. पोरगं ज्वारीच्या ढिगावर पडलंय, उंचावर हाय, म्हणून अजून रडतंय. तू ढिगाखाली उतरलास की संपलास. आदी दिवा सोडा. दोर आणा."

तेव्हा गावाला कळलं की गावात काय काय नाही. भर दुपार, चुली शांत केलेल्या. दोर मळ्यात. शेजारच्या घरचा दोर काढला तर तो उंदरांनी कुरतडलेला. कोनाड्यातल्या पणतीत तेल नाही, वाढलेलं. इतकी माणसं, इतके धट्टेकट्टे हात, आणि सगळे रिकामे. खालचं रडणं थांबून थांबून येऊ लागलं. सगळ्यांच्या नजरा वेशीकडे गेल्या. पण पाय कुणाचे उचलेनात, कारण त्या पडशीला हात लावणारा घरी काय घेऊन येईल, कुणी सांगावं?

केवळा पळत सुटली. अनवाणी, डोईवरचा पदर उडालेला, तापलेल्या मातीवरून. बाभळीवर चढताना हाताला काटे लागले ते तिला संध्याकाळपर्यंत कळले नाहीत. पडशी उराशी धरून ती परत आली आणि बयजाच्या पायाशी टाकली. "घे. जे बोलावायचं ते बोलाव. माझं पोर तेवढं वर बोलाव."

चकमक झडली, काकडा पेटला, पणतीत तेल पडलं. दोराला बांधून पणती आत सोडली. ती खाली गेली, लाल झाली आणि विझली. पुन्हा पेटवून सोडली, पुन्हा विझली. बयजाचं तोंड पांढरंफटक पडलं. तिनं शिदूची घोंगडी दोराला बांधली आणि पेवात सोडून वर-खाली, वर-खाली हिसडू लागली, जशी बाई ताक घुसळते. मग ती बायकांवर ओरडली, "बघताय काय? सुपं आणा. वारा घाला."

गावातली सगळी सुपं आली. बायका पेवाच्या तोंडाभोवती बसून आत वारा लोटू लागल्या. असं म्हणतात की त्या दिवशी आभाळात वाऱ्याची झुळूक नव्हती, पण सुपांच्या वाऱ्यानं लांबचा पिंपळ सळसळला. तिसऱ्यांदा पणती सोडली. ती थरथरली, निळी झाली, आणि राहिली.

"मी जातो," शिदू म्हणाला.

"तू वर दोर धर, तुझ्या हातांत जोर हाय. मी जाते," बयजा म्हणाली. तिचे दात वाजत होते. सगळ्यांनी ते ऐकलं. तिनं ओली चिंधी नाकातोंडाला बांधली आणि सटव्याच्या मरणानंतर पहिल्यांदाच ती पेवात उतरली.

पोर दोराला बांधून वर आलं. अंग निळसर, डोळे मिटलेले, मुठीत ज्वारी. केवळानं त्याला पालथं घालून पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली. पोर शिंकलं आणि त्यानं असं भोकाड पसरलं की बायकांच्या हातातली सुपं गळून पडली.

सुपं गळली, वारा थांबला. क्षणभरच. पण ते क्षणभर गाव पोराकडे बघत होतं.

शिदूनं दोर पुन्हा सोडला. "आक्का, धर." खालून एकदा ओ आली. मग दोर ओढला तर हलकाच वर आला.

इथून पुढं दोन तऱ्हा सांगतात. एक तऱ्हा अशी, की शिदू खाली उतरला तेव्हा आत पणती तेवत होती आणि माणूस नव्हतं. बयजाक्का भुईच्या पोटातून एका पेवातून दुसऱ्या पेवात चालत गेली. कुणी पेव उघडलं की आत तिची पणती आधीच असते, आणि हवा वाईट असेल तर तीच ती विझवते. दुसरी तऱ्हा अशी, की तिला वर काढलं, आणि दिवेलागणीला केवळाच्या मांडीवर तिनं डोळे मिटले. मला दुसरीच खरी वाटते. पोरांना मात्र मी पहिली सांगते, आणि सांगून झाल्यावर त्यांच्याइतकीच मीही दचकून असते.

आता काळवटला पेवं उरली नाहीत. सगळी बुजवली, वर घरं झाली. पण दाराआड खुंटीला पडशी नाही असं एकही घर गावात नाही. उन्हाळा लागला की एक दिवस गावानं धरलेला आहे, बयजाक्काचा दिवस. त्या दिवशी प्रत्येक घर आपली पडशी अंगणात रिकामी करतं. घरात नाही, उगीच वास्तूच्या कानावर कशाला. सुई ओवून बघतात, गंजली असेल तर बदलतात. जुना गूळ मुलांना वाटून नवा ठेवतात. बॅटरीचे सेल बदलतात, तापाच्या गोळ्यांची तारीख वाचतात, त्यावरून नवरा-बायकोत थोडी वादावादी होते.

शेवटी दोर. घरातली मुलं एका टोकाला आणि मोठी माणसं दुसऱ्या टोकाला, आणि दोन्हीकडून जीव खाऊन ओढायचं. बहुतेक घरांचा दोर टिकतो. एखाद्या घरचा मधोमध तुटतो आणि सगळी जणं धुळीत आडवी होतात. त्या घरी मग पुरणाचा स्वयंपाक करतात आणि शेजाऱ्यांना बोलावतात, कारण त्यांचा दोर आज तुटला, अंगणात तुटला, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला कुणी लटकलेलं नव्हतं.