कोतवालाची टोळी

फार वर्षांपूर्वी एका माळावर शिकरा या शिकारी पक्ष्याने कोतवाल पक्ष्याच्या भावाला उचलून नेले. एकट्याचा निभाव लागेना, म्हणून कोतवाल टोळी जमवू लागला. भेटेल त्याला तो म्हणे, “माझ्याबरोबर चला, भरपूर किडे मिळतील.”

होला हसला. “कोतवालदादा, मी दाणे खातो.”

कोतवाल चिडून उडाला. पुढे साळुंकी दिसली. ती एक किडा टिपायची आणि घाबरून आभाळाकडे बघायची. कोतवाल खाली उतरला.

“ताई, शिकऱ्याने माझा भाऊ नेला. तू निवांत खा, वर मी बघतो.”

“आणि तू काय खाशील?”

“तुझ्या चालण्याने गवतातून उडतील ते किडे.”

साळुंकी त्याच्यासोबत राहिली. दुपारी शिकरा आला, कोतवाल ओरडला आणि साळुंकी झुडपात शिरली.

संध्याकाळी, हे सगळे पाहिलेला होला आला. म्हणाला, “शिकरा मलाही खातो. मला हे का नाही सांगितलंस?”