हंडीच्या पोटातला निरोप्या

भांडी बोलायची तेव्हाची गोष्ट. जुलेखाबींच्या हंडीचं झाकण भारी घाबरट. वाफ लागली की लेपासकट थरथरायचं, आणि ते पाहून जुलेखाबी घाईने कणकेचा लेप फोडायच्या. मागच्या खेपेला पाहुणे आले तेव्हा त्यापायीच बिर्याणीतलं मटण कच्चं राहिलं. आज तेच पाहुणे पुन्हा जेवायला येणार होते.

या वेळी त्यांनी मटणात बोटाएवढा बिनतारी थर्मामीटर खुपसला आणि मगच झाकण लिंपलं.

"अरे बाबा, तुला तर तारसुद्धा नाही! आत काही झालं तर सांगशील कसा?" झाकणाने विचारलं.

"बाहेर ओट्यावर माझी डबी आहे. मला कळतं ते तिला कळतं. तू फक्त वाफ धर."

थोड्या वेळाने झाकण थरथरलं, तसा जुलेखाबींचा हात लेपाकडे आला. झाकणाचा जीव अर्धा झाला. पण डबीवरचा आकडा बघून, "अजून नाही होय?" म्हणत त्यांनी हात मागे घेतला. झाकण थक्क झालं. एवढ्या आचेत बसून हा न घाबरता नेमकं हवं तेवढंच बोलतो!

डबी वाजली तेव्हाच लेप फुटला. पाहुण्यांनी दोनदा वाढून घेतलं. थर्मामीटरचं नाव कुणी काढलं नाही.

पुढच्या वेळी हंडीने विचारलं, "काय, आज थरथर नाही?"

"हळू बोल," झाकण म्हणालं, "तो आत मोजतोय."