पाण्याच्या नळीची साक्ष

सकाळी बरोबर सव्वादहाला एका गावात एका बाईची गांडुळं हरवली. बाईचं नाव हौसाबाई. तिने गांडूळखताचा खड्डा उघडला, तर आत निम्मीसुद्धा उरली नव्हती. शेजारच्या द्वारकाबाईचा खड्डा मात्र नुसता वळवळत होता.

“माझीच नेली हिनं!” हौसाबाई ओरडली.

“गांडुळाच्या कपाळावर तुझं कुंकू आहे का गं?” द्वारकाबाईने विचारलं.

लोक हसले. पण संशय एकदा मनात शिरला की निघत नाही. द्वारकाबाईचं खत कुणी घेईना. हळदीकुंकवाला कुणी बोलवीना. पोरंसुद्धा तिला गांडूळचोर म्हणायला लागली. बिचारी दाराशी उभी राहायचीसुद्धा बंद झाली.

जवळच्या कॉलेजात मंजिरी नावाची मुलगी गांडुळांवरच काम करायची. भांडण कानावर आलं तेव्हा तिने गावाला समजावलं, “प्रत्येक जिवाच्या आत एक बारीक धागा असतो. त्यात काही ठिकाणी तेच ते मणी परत परत ओवलेले असतात. एका घराण्यात दहा वेळा, तर दुसऱ्यात चौदा वेळा. गांडुळं दिसायला सारखी असली तरी त्यावरून घराणं कळतं. पण या गांडुळांत ते मणी कुठे आहेत, हेच अजून कुणी शोधलेलं नाही. आधी ते शोधावं लागेल.”

गावाने दम धरला. मंजिरी कित्येक महिने शोधत राहिली. धाग्यावरच्या पुष्कळ जागा तपासून फुकट गेल्या. शेवटी कामाच्या थोड्या खुणा हाती लागल्या. मग तिने दोन्ही खड्ड्यांतली गांडुळं नेली. त्यांचे भाऊबंद असतील म्हणून खड्ड्यांजवळच्या बांधावरचीही नेली.

निकाल ऐकायला दोघी बायका कॉलेजात आल्या. यंत्रात रेघा उमटल्या. हौसाबाईच्या गांडुळांची खूण द्वारकाबाईच्या गांडुळांतही दिसली!

“बघा, मी म्हणत नव्हते?” हौसाबाई म्हणाली.

पण मंजिरी शेवटच्या नळीकडे बघत होती. अशा तपासणीत एक नळी नुसत्या पाण्याची ठेवतात. तिच्यात गांडुळाचं काहीच घालत नाहीत. ती कोरी राहिली तरच बाकीच्या नळ्यांचं खरं मानायचं. आज त्या पाण्यातही हौसाबाईच्या गांडुळाची खूण होती.

मंजिरीचे मोठे सर हळूच म्हणाले, “त्या नळीचं कुणाला कळतंय? इतक्या महिन्यांची मेहनत आहे. सांगून टाक निकाल.”

चूक मंजिरीचीच होती. सांगितली तर हसं होणार. नाही सांगितली तर एका बाईच्या नावाला जन्माचा डाग.

ती उभी राहिली. “हा निकाल धरू नका. हौसाबाईंच्या गांडुळाचा अंश माझ्या हातून पाण्यात पडलाय, आणि तेच पाणी सगळ्या नळ्यांत गेलंय. या हिशेबाने तर पाणीसुद्धा चोर ठरेल!”

तिने नवं पाणी घेतलं आणि सगळं पहिल्यापासून केलं. या वेळी पाण्याची नळी कोरी राहिली. द्वारकाबाईची गांडुळं वेगळ्याच घराण्यातली निघाली. आणि बांधावरची? ती हौसाबाईचीच निघाली! तिने खड्ड्यात ताजं शेण टाकलं होतं. ते तापलं, गांडुळांना सोसवेना, आणि पाय नसतानाही ती पळाली.

हौसाबाई मान खाली घालून द्वारकाबाईच्या दारात गेली. “चुकलं गं माझं.”

“मला विचारायचं सोडून गांडुळांना विचारून आलीस होय?” द्वारकाबाई म्हणाली. “बरं, आत ये. चहा उकळतोय.”

तात्पर्य: दुसऱ्याला चोर ठरवण्याआधी आपलंच काही चुकलं नाही ना, ते बघावं, आणि चुकलं असेल तर कितीही लाज वाटली तरी लगेच सांगावं. खोटं आपोआप गावभर होतं, खरं मात्र सांगत फिरावं लागतं. म्हणून ही गोष्ट आज आपल्या लेकरांना सांगा, आणि जमलं तर शेजारीही सांगा.