नदीपलीकडचा कायदा

"म्हणजे बुवा, माझ्या वडिलांना कायदा कुठला लागू? अलीकडचा की पलीकडचा?"

जयवंत वकिलाने हे विचारलं तेव्हा सकाळचं धुकं नदीवरून उठलं नव्हतं. मी देवळाच्या पायरीवर रिकामी परडी घेऊन बसले होते. फुलं केव्हाच देऊन झाली होती, पण कोर्टाची गोष्ट निघाली की माझा पाय निघत नाही.

पुजारी अच्युतबुवा चंदन उगाळत राहिले. हाच जयवंत लहानपणी त्यांच्याकडे स्तोत्रं शिकायला यायचा. आता पणजीत वकिली, दोन्ही बाजूंचे कायदे तोंडपाठ.

अलीकडे गोवा, पलीकडे महाराष्ट्र. मधे एवढीशी नदी. अलीकडे पोर्तुगिजांच्या वेळचा कायदा, त्यात बापाला मुलीचा वाटा पुरता काढून घेता येत नाही. पलीकडे मात्र स्वतः कमावलेलं घर बाप मृत्युपत्रात लिहील त्याचं. आणि जयवंतच्या वडिलांनी फार पूर्वी अलीकडचं घर एकट्या जयवंतला लिहून ठेवलं होतं. बहीण कुंदा, पलीकडे दिलेली. वडील गेल्यावर तिने वाटा मागितला, म्हणून हा आज दावा दाखल करायला निघालेला.

"पलीकडचाच लागू होतो," तो आपणच म्हणाला. "बाबा शेवटची वर्षं पलीकडेच राहिले. कायमचे. माझ्याकडे साक्षीदार आहेत."

"पलीकडे कुणाकडे राहिले रे?"

"...कुंदाबायकडे."

सहाणेवर खोड फिरत राहिलं.

धुकं पायऱ्या चढून आत आलं. देऊळ पाण्यावर तरंगत असल्यासारखं वाटायला लागलं, आम्हा तिघांसकट.

"मग देवालाच विचार ना," बुवा म्हणाले.

जयवंत हसला. देवाचा कौल कुठल्या कोर्टात चालतो, असंही त्याने विचारून घेतलं. तरी हात जोडलेच. दावा लावू की नको, एवढंच त्याने देवापुढे मांडलं.

बुवांनी पिटकुळीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवल्या आणि देवाच्या छातीवर दोन बाजूंना चिकटवल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नको. आमच्याकडे लग्नापासून विहिरीपर्यंत सगळं असंच विचारतात.

आम्ही बघत बसलो. पाणी दगडावरून ओघळत होतं...

एक कळी सुटली.

"उजवी," जयवंत म्हणाला. आपला उजवा हात दाखवून म्हणाला, आणि बॅग उचलली.

कुंदा बापाला पेज भरवायची, आणि म्हातारा मधेच घास थांबवून नदीकडे बघत बसायचा, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. फुलं द्यायला मी होडीने पलीकडेही जायचे.

बुवा उठले. त्यांनी जयवंतचं मनगट धरलं, त्याला गाभाऱ्यात नेलं आणि मूर्तीच्या शेजारी भिंतीला पाठ लावून उभं केलं.

"देव बघतो तसं बघ."

एवढ्या वर्षांत तो तिथे असा कधी उभा राहिला नसणार. आपण सगळे देवाकडे तोंड करून उभे राहणारे.

दारातून पायऱ्या, पायऱ्यांखाली नदी. धुकं थोडं विरलं.

"काय दिसतं?"

"काही नाही. धुकं..."

बुवांनी नदीपलीकडे बोट केलं.

"...बायचं अंगण. बाबांची आरामखुर्ची." तो दाराकडे झुकला. "बुवा, ती अजून आमच्या घराकडे तोंड करूनच ठेवलीय."

त्याच्या खांद्यावरून बॅग घसरली. त्याने आधी खाली पडलेल्या कळीकडे पाहिलं, मग आपल्या डाव्या हाताकडे.

बुवा पुन्हा सहाणेपाशी जाऊन बसले.

"आता सांग वकीलसाहेब, कळी कुठल्या बाजूला पडलीय?"