सुटलेला झेल

"पण तो सुटलाच कसा, बाबा?"

भालचंद्र केणीनं पुन्हा तेच विचारलं. टेकडी चढून आल्यापासून त्याचं हेच चाललं होतं.

भिल्लनाथबाबा मठीसमोर चूल पेटवत होते. "आधी बस तरी," ते म्हणाले.

केणी बसला. बसला तोही उकिडवाच. विकेटकीपरला मांडी घालायची सवय कुठली.

हा केणी म्हणजे क्रिकेटमधला भाडेकरू. ज्या संघाचा विकेटकीपर आजारी, त्यांनी याला बोलवायचं. तो बरा झाला की यानं गाशा गुंडाळायचा. उभी उमर अशीच गेली. टोप्या बदलल्या, गावं बदलली, कायमचं कुणी ठेवून घेतलं नाही. पण गडी भारी मानी. हातात आलेला चेंडू मी सोडत नाही, असं चारचौघांत म्हणायचा.

आणि परवाच्या अंतिम सामन्यात शेवटच्या गड्याचा झेल याच्याच हातून सुटला. शेंबड्या पोरानं घ्यावा असा झेल. हातातला सामना गेला.

तेव्हापासून पठ्ठ्यानं ग्लोव्ह्ज घातले नव्हते. नव्या संघाचं बोलावणं आलं होतं, पण हो म्हणायची छाती होत नव्हती.

"आजवर झेल किती घेतलेस रे?" बाबांनी विचारलं.

"कोण मोजतंय, बाबा."

"आणि सोडलेले?"

"ते सगळे पाठ आहेत."

बाबा गालात हसले. केणीला राग आला. इथं जीव जातोय आणि म्हाताऱ्याला हसू सुचतंय.

"घसा कोरडा पडला असेल. ओंजळ कर," बाबा म्हणाले आणि त्यांनी कळशी उचलली.

केणीनं ओंजळ केली. त्याची बोटं कितीदा मोडलेली, वेडीवाकडी जुळलेली. पाणी ओतताच ते फटींतून गळायला लागलं. त्यानं बोटं आवळली. इकडची फट बुजवावी तर तिकडून धार. पाणी कोपरांवरून पायांवर आलं, पण त्याचं लक्ष फटींवरच.

बाबा ओतत राहिले…

"अरे, पी की."

केणी दचकला. त्यानं ओंजळीला तोंड लावलं आणि घटाघटा प्यायला, पार पोट भरेपर्यंत. मग ओल्या मातीतच त्यानं बैठक मारली. छातीवरचा धोंडा कुणी उचलून घ्यावा तसं त्याला हायसं वाटलं. डोळे भरून आले, ते त्यानं पुसलेही नाहीत.

"उद्या जातो सरावाला," तो म्हणाला.

"जा."

केणीनं खाली पाहिलं. पायांशी चिखल झाला होता. हंडे डोक्यावर घेऊन बाबा खालच्या विहिरीवरून पाणी आणतात, हे त्याला ठाऊक होतं.

"बाबा, माझ्या हातून पाणी फार सांडलं हो."

बाबांनी रिकामी कळशी पालथी घातली.

"ते जमिनीच्या वाट्याचं."