कवितेला एकच माप

कनकगडच्या पाठशाळेत कवितेची परीक्षा झाली आणि पास झाला फक्त एक! तोही कोण? प्रधान त्र्यंबकपंतांचा भाचा गुंडू! अहो, त्याला कविता आणि कोशिंबीर यांतला फरक सांगता आला नसता!

झालं असं, की उदाजीराजांनी फर्मान काढलं, "सगळ्यांना एकच कविता, एकच प्रश्न, उत्तरही एकच! प्रधानजी ठरवतील तेच बरोबर. बाकीच्यांना नारळ!"

कविता होती:

दिवा दारी मिणमिणे, माय उंबऱ्यात उभी
रानी कोल्हेकुई झाली, वाट अजून का मुकी?

प्रश्न होता, 'कवितेचा अर्थ काय?' प्रधानजींचं उत्तर होतं, 'आईची माया थोर असते.' तेल्याच्या येसूनं लिहिलं, 'दिव्यातलं तेल संपत आलंय, म्हणून आई कासावीस झालीय.' नापास! धनगराच्या बिरूनं लिहिलं, 'लेकराला जनावर गाठेल, अशी आईला भीती वाटतेय.' नापास!

येसूला रडूच कोसळलं. कवितेवाचून तिला घास गोड लागत नसे. पण रडून भागणार होतं थोडंच? डोळे पुसले आणि तरातरा दरबारात गेली.

"महाराज, हा अन्याय आहे!"

"अन्याय? अगं, सगळ्यांना एकच माप लावलं!"

"एकाच मापाचा जोडा साऱ्या गावाला घातलात, तर निम्मं गाव लंगडेल, महाराज!"

दरबार खुसखुसला. राजे भडकले. "फार जीभ चालते गं तुझी! मग घे तूच परीक्षा. प्रश्न सगळ्यांना एकच, उत्तरं हवी तेवढी. पण कविता कोणाला कळली, हे मला इथं बसल्याबसल्या समजलं पाहिजे. आणि मला तर कवितेतलं ओ की ठो कळत नाही! जमलं नाही, तर पाठशाळा विसर आणि घाण्याला जा!"

प्रधानजी मिशीतल्या मिशीत हसले. येसूचा चेहरा मात्र बेरकी!

"महाराज, ज्याचं त्याचं उत्तर ऐका आणि एवढंच विचारा, 'कशावरून?'"

राजांनी बिरू आणि गुंडूला दरबारात बोलावून घेतलं आणि आधी बिरूला विचारलं, "आई घाबरलीय? कशावरून?"

"कोल्हेकुई चाललीय की, महाराज! कोल्हं वरडलं की माझी आय बी अशीच भाईर येऊन उभी ऱ्हाते."

"आणि तेल संपत आलंय, ते कशावरून गं?"

"दिवा मिणमिणतोय ना! तेल असतं तर ढणढणला असता."

"अरेच्चा! दोघांचंही पटतंय की!" राजे गुंडूकडे वळले. "बोला गुंडोपंत, आईची माया थोर. कशावरून?"

गुंडूनं छताकडे पाहिलं. मग मामाकडे पाहिलं. मामा डोळे वटारून खुणा करत होते, पण गुंडूला त्या कुठल्या कळायला!

"मामांनी काल घरी पढवलं, त्यावरून!"

दरबारात हशाचा धबधबा कोसळला! राजांची तर हसून हसून पगडी घसरली. प्रधानजी हळूच खांबाआड सरकले.

"सगळ्या पोरांना परत घ्या!" राजे डोळे पुसत म्हणाले. "यापुढं परीक्षा येसूच्या रीतीनं! पोरी, तुझ्याइतकं शहाणं माझ्या राज्यात कोणी नाही!"

येसूनं वाकून मुजरा केला. "कशावरून, महाराज?"

राजे पुन्हा खदखदून हसले. "ह्या कंठ्यावरून!" म्हणत त्यांनी आपल्या गळ्यातला मोत्यांचा कंठा काढला आणि तिच्या गळ्यात घातला.