सरपंचांच्या अभिनंदनाचा ठराव

बोरवंडचे सरपंच भानुदासराव निवडून आल्यापासून खुर्चीत बसत नसत, रेलत. त्या दिवशी ग्रामसभेत तुळशीरामने गटाराचं काम का रखडलं, एवढंच विचारलं, तर सरपंच उसळले, "गप बस, बिनडोका! तुझ्या बापाला तरी कधी अक्कल होती का?"

तुळशीराम मान खाली घालून बसला. सरपंच मात्र मिशीवर हात फिरवत म्हणाले, "आता माझ्या अभिनंदनाचा ठराव घ्या. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाचा मान राखायला नको?"

पिठाची गिरणी चालवणाऱ्या हौसाबाई तेवढ्या उभ्या राहिल्या.

"राखायलाच हवा. हा माझा हात वर. फक्त सरपंच आज जे जे बोलले, ते शब्द न् शब्द ठरावात येऊ द्या. फ्रेम करून शाळेत लावू. आपला पुढारी कसा बोलतो, ते पोरांनाही कळू दे."

सरपंच खुलले. "लिहा, भाऊसाहेब!"

ग्रामसेवक भाऊसाहेबांनी लिहिलं आणि रिवाजाप्रमाणे मोठ्याने वाचायला घेतलं, "सरपंच म्हणाले, गप बस, बिनडोका! तुझ्या बापाला..."

"अहो, ते खोडा आधी!" सरपंच ओरडले.

"का हो?" हौसाबाई म्हणाल्या. "जे तुम्हाला कागदावर बघवत नाही, ते तुळशीरामनं चारचौघांत ऐकून घ्यायचं?"

सरपंच खुर्चीत सरळ झाले. म्हणाले, "तुळशीराम, चुकलं माझं. गटाराचं सांगतो, ऐक."

"हे लिहा, भाऊसाहेब," हौसाबाई म्हणाल्या, "आता अभिनंदनाला कारण मिळालं."